तापाची गोळी द्यायची की नाही?

वाचक भगिनी तालुक्याच्या गावी राहतात. घरात पती, ४ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी कायमची आहे, शिवाय गुडघ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात त्यांना ताप आणि सर्दी झाली. मुलाने दिवसातून तीनदा ६५०ची तापाची गोळी दिली, सुनेने सर्दीची गोळी तीनदा दिली. दोन दिवसांत बरं वाटलं. त्यानंतर ‘पॅरासिटामॉलने लिव्हर निकामी होतं’ असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून या भगिनी इतक्या घाबरल्या की घरातल्या पट्ट्या आणि मुलीची सिरपं त्यांनी माळ्यावर टाकली. गेल्या आठवड्यात मुलीला १०२ ताप चढला, तेव्हा औषध न देता त्या रात्रभर कपाळावर घड्या ठेवत बसल्या. पतीचं म्हणणं, ‘कोविडमध्ये अख्ख्या गावाने खाल्ली ही गोळी, कुणाला काय झालं?’ त्या विचारतात: ही गोळी घरात ठेवायचीच नाही का? सासूबाईंच्या लिव्हरला धक्का बसला असेल का? आणि हिच्याऐवजी जास्त जोरदार, पण निर्धोक अशी दुसरी गोळी कोणती?

ताई,

मी फार्मासिस्ट आहे. सासूबाईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्यापुरता शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही पत्रासोबत गोळ्यांची नावं आणि सासूबाईंचं वजन, ४४ किलो, कळवलंत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे निदान हिशेब तरी नीट मांडता येतो.

तुमच्या यजमानांनी दिलेल्या तापाच्या गोळीत ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. तीन वेळा, म्हणजे १९५०. तुम्ही दिलेल्या सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं औषध आहे, शिंका थांबवणारं आहे आणि सोबत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही आहे. तीन वेळा, म्हणजे १५००. गुडघ्याच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलंय, तिच्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक हे सूज-दुखणं दाबणारं औषध १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दोन वेळा, म्हणजे ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानतात. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना मोठ्या माणसानेही ३०००च्या आतच राहावं असं मी दुकानात सांगते. ४४ किलोच्या, सत्तरीकडे झुकलेल्या बाईंना तर दोन ते अडीच हजारांच्या आतच ठेवायला हवं होतं.

यात चूक कुणाची, असं विचारलंत तर एकट्या कुणाचीच नाही. यजमानांनी दिलेला डोस बरोबर, तुम्ही दिलेला बरोबर, गुडघ्याची गोळी डॉक्टरांचीच. तीन जावांनी एकमेकींना न विचारता एकाच आमटीत मीठ घालावं तसं झालं. म्हणून ‘ही गोळी विष आहे’ हे तुमचं म्हणणं आणि ‘हिने काही होत नाही’ हे यजमानांचं म्हणणं, दोन्ही मला थोडी बाजूला ठेवावीशी वाटतात. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं निरनिराळी, आतलं औषध एकच. सॅरिडॉनमध्ये, कॉम्बिफ्लाममध्ये आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही ते आहे. अमेरिकेहून कुणी टायलेनॉलची भलीमोठी बाटली आणून दिली असेल तर तेही हेच. तिकडे त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. घरात विचारायचा प्रश्न एवढाच, की आज या माणसाच्या पोटात पॅरासिटामॉल एकूण किती मिलिग्रॅम गेलं आणि शेवटचं किती वाजता गेलं.

लिव्हरचा संबंध कुठे येतो तेही सांगते, म्हणजे त्या मेसेजची भीती जिथल्या तिथे बसेल. गोळीतलं बहुतेक औषध लिव्हर सुखरूप पचवतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र एका घातक पदार्थात बदलतो. त्याला लगेच निकामी करणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य लिव्हरमध्येच तयार असतं. नेमक्या डोसमध्ये हा साठा पुरून उरतो, म्हणूनच इतकी वर्षं इतक्या लोकांनी ही गोळी घेऊनही त्यांना काही झालेलं नाही. यजमानांचं कोविडचं उदाहरण तिथवर खरं आहे. डोस फार वाढला की साठा संपतो आणि तो घातक पदार्थ लिव्हरच्या पेशींवर उलटतो. ज्यांचा साठा मुळातच तुटपुंजा असतो त्यांना कमी डोसही जड जातो: रोज दारू पिणारे, आधीच काविळीचा किंवा लिव्हरचा आजार असलेले, अगदी किरकोळ अंगाची माणसं आणि आजारपणात दोन-तीन दिवस धड जेवलेले नसतात ते. सासूबाई तापात नुसत्या पेजेवर होत्या असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ज्या दिवसांत डोस सगळ्यांत जास्त होता, त्याच दिवसांत शरीराची तयारी सगळ्यांत कमी होती.

आता त्यांच्या लिव्हरचं. तो ताप येऊन महिना झाला. त्या नीट जेवतात, डोळे पिवळे नाहीत, लघवी गडद होत नाही, मळमळ नाही, असं तुम्ही लिहिताय. पॅरासिटामॉलचा घाव बसायचा असता तर पहिल्या काही दिवसांतच दिसला असता. तो महिनाभर दबा धरून बसत नाही. लिव्हर त्यातून सावरतंही. तेव्हा त्या धास्तीने झोप घालवू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे दोन दिवस जसे घडले तसे सांगा. त्यांना वाटलं तर ते रक्ताची तपासणी करून घेतील.

पण हेच जर आज घडत असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं. डोस मर्यादेपलीकडे गेल्याचं लक्षात आलं, तर ‘बघू, त्रास झाला तर जाऊ’ असं म्हणायचं नाही. या औषधाचा सगळ्यांत फसवा गुण हाच आहे. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, फार तर थोडी मळमळ किंवा एखादी उलटी. उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते, आणि तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो चांगलं काम करतो. जास्त डोस पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत मिळाला तर फारच उत्तम. उशीर झाला तरी द्यावाच लागतो, पण दर तासाने त्याचा फायदा घटत जातो. म्हणून पट्ट्या, बाटल्या जशा असतील तशा सोबत घेऊन सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. घरातल्या कुणी, विशेषतः कुणा पोरा-पोरीने, रागाच्या किंवा निराशेच्या भरात मुद्दाम गोळ्या घेतल्या असतील तर ‘का घेतल्यास’ हे नंतर विचारा, आणि प्रेमाने विचारा. डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नका. लाजेपायी ‘अन्नातून काहीतरी झालंय’ असं सांगितल्यामुळे उतारा द्यायची वेळ निघून जाऊ शकते.

आता लेकीबद्दल. तिला औषध दिलं नाहीत म्हणून स्वतःला दोष लावून घेऊ नका. १०२ तापात एक रात्र काढल्याने तिचं काही बिघडलेलं नाही. पण पुढच्या वेळी अशा रात्रभर जागत बसू नका. ताप ही शरीराची जंतूंशी चाललेली झुंज आहे, तो उतरवणं म्हणजे आजार बरा करणं नव्हे. मुलाला बरं वाटावं, त्याने पाणी प्यावं, थोडं झोपावं, यासाठी आपण औषध देतो. तापमापीवर १०० दिसतंय, पण पोरगी खेळतेय, वरण-भात खातेय, तर गोळीही नको आणि सिरपही नको. १०१ आहे आणि ती मलूल पडून कण्हतेय, तर जरूर द्या.

‘ताप डोक्यात जाईल’ ही आपल्याकडची फार जुनी धास्ती. साध्या संसर्गाचा ताप मेंदू बिघडवत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात. ते बघताना आई-बापांचं काळीज हलतं आणि पहिल्यांदा आले तर डॉक्टरांना लगेच दाखवायलाच हवं, पण बहुतेक मुलांना त्यातून कायमचं काही होत नाही. पॅरासिटामॉल भराभर पाजल्याने हे झटके टळतात असंही नाही. म्हणून अर्ध्या तासात पारा खाली आला नाही की दुसरा डोस, हे कधीही करू नका. औषधाला अर्धा ते एक तास लागतो, आणि १०३चा १०१ झाला तर औषधाने काम केलं असंच समजायचं. ते ९८वर आलंच पाहिजे असा हट्ट नको. घड्या ठेवायच्या तर साध्या किंवा कोमट पाण्याच्या. बर्फ नको, कोलनवॉटर किंवा स्पिरिट तर नकोच नको.

डोस मुलाच्या वजनावर ठरतो, वयावर नाही. एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा, आणि दिवसाला फार तर चार डोस. तुमची लेक १५ किलोची. म्हणजे एका वेळी १५० ते २२५ मिलिग्रॅम. आता माळ्यावरच्या बाटल्या खाली काढा आणि खोक्यावरचा आकडा वाचा. एकीवर दर ५ मिलीत १२० असेल, दुसरीवर दर ५ मिलीत २५०, आणि ती तान्हेपणी आणलेली ड्रॉप्सची छोटी बाटली अजून असेल तर तिच्यात बहुधा दर एका मिलीत १००. १२०च्या सिरपमधून तिला साधारण साडेसहा ते नऊ मिली लागेल, २५०च्या सिरपमधून तीन ते साडेचार मिली. आणि ‘ड्रॉप्स म्हणजे बाळाचं, सौम्यच असणार’ असं समजून कुणी त्यातलं पाच मिली पाजलं तर एका झटक्यात ५०० मिलिग्रॅम जातं, तिच्या मापाच्या दुपटीहून जास्त. ड्रॉप्स सिरपपेक्षा घट्ट असतात. माझं सांगणं एकच: घरात एकाच ताकदीची एकच बाटली ठेवा, बाकीच्या काढून टाका. उघडून बरेच दिवस झालेली बाटली तारीख शिल्लक असली तरी नको. माप म्हणून बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा सुईविना सिरिंज वापरा. घरातले चमचे पाच मिलीचे असतात या भरवशावर राहू नका, एकाच घरातल्या दोन चमच्यांत फरक निघतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मात्र घरी औषध देत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

गोळी उपाशीपोटी द्यायची नाही म्हणून आधी दोन घास कोंबू नका. पॅरासिटामॉल पोटाला लागत नाही. तो नियम दुसऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा आहे, त्यांच्याकडे येतेच.

एक गोष्ट पावसाळ्याच्या दिवसांत तापाच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. डेंग्यूची शंका असताना तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉलच द्यायचं, मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मुलांचं मेफेनॅमिकचं सिरप, यातलं काही स्वतःच्या मनाने नाही, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११पासून बंदच आहे. उरलेलं असेल तर देऊ नका. आणि डेंग्यूत ताप उतरला की सुटलो असं मानू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच काहींची तब्येत अचानक ढासळते. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर वेळ घालवायचा नाही. तसंही दोन-तीन दिवस गोळीवर ताप उतरतोय आणि पुन्हा चढतोय, तर चौथी गोळी शोधण्याऐवजी रक्त तपासून घ्यावं.

आता घरातल्या पट्ट्यांचं. दुकानात आम्ही दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतो तेव्हा काय होतं ते तुमच्याकडच्या एखाद्या तुकड्यावर बघा. औषधाचं नाव एका टोकाला गेलेलं, मुदतीची तारीख दुसऱ्या टोकाला, आणि हातात राहिलेल्या चंदेरी कागदावर अर्धवट इंग्रजी अक्षरं. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, त्या गोळी रंगावरून आणि आकारावरून ओळखतात. मग पांढऱ्या लांबट गोळ्या सगळ्याच सारख्या! शक्य असेल तर पूर्ण पट्टी घ्या, नाहीतर तारीख आणि नाव असलेला तुकडा मागून घ्या. घरी आल्यावर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: ‘ताप, पॅरासिटामॉल ६५०’. सर्दीच्या पट्टीवर ‘सर्दी, यातही पॅरासिटामॉल ५००’. गुडघ्याच्या पट्टीवरही तसंच. आणि कुणी आजारी पडलं की फ्रिजवर एक कागद चिकटवा. गोळी देणाऱ्याने वेळ, नाव आणि मिलिग्रॅम लिहायचं, मग ते तुम्ही असा, यजमान असोत की सासूबाई स्वतः. कागद बघितल्याशिवाय दुसऱ्याने काही द्यायचं नाही. सर्दीतापात ज्या गोळीत आधीच पॅरासिटामॉल आहे ती देत असाल, तर वेगळी तापाची गोळी द्यायची नाही.

हे सासूबाईंना सांगायचं कसं, तर त्यांच्या पिशवीतल्या पट्ट्या त्यांच्या मागे उचलू नका. माळ्यावर टाकलेल्या पट्ट्यांत त्यांचीही होती आणि त्या चिडल्या, हे तुम्ही लिहिलंच आहे. त्यांचं चिडणं मला पटतं. गुडघा त्यांचा दुखतो. दुपारी निवांत बसून ‘आई, आपण सगळ्या गोळ्या एकदा लावून ठेवू या, मलाच गोंधळायला होतं’ असं म्हणून त्यांच्याकडूनच एकेक पट्टी काढून घ्या.

आणि मग तुमचा शेवटचा प्रश्न, जोरदार पण निर्धोक गोळीचा. अशी गोळी मला माहीत नाही. पॅरासिटामॉल सोडून तुम्ही ज्यांच्याकडे वळाल, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, त्या सूज आणि दुखणं जास्त जोराने दाबतात हे खरं. पण त्या जठराला जखमा करू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाची आहे. त्या जोडीला अ‍ॅसिक्लोफिनॅक रोज मिळालं की किडनीवर तिहेरी ताण येतो, आणि ताप-जुलाबात अंगातलं पाणी कमी झालं की तो आणखी वाढतो.

म्हणून तुमचं पत्र वाचताना मला खरी काळजी वाटली ती गुडघ्याच्या गोळीची. तुम्ही लिहिता, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती दहा दिवसांसाठी दिली होती, आराम पडला, म्हणून रिकामी पट्टी दाखवून आणत राहिलो. अशी रिकामी पट्टी घेऊन येणारी माणसं दुकानात रोज दिसतात आणि त्यांना गोळी मिळतेही. यात आम्हा औषधवाल्यांचीही जबाबदारी आहे. पण दहा दिवसांचं औषध दोन वर्षं चालणं हे त्या दोन दिवसांच्या ४१०० मिलिग्रॅमइतकंच, कदाचित त्याहून जास्त, बघण्यासारखं आहे. गोळी एकदम बंद करून त्यांना दुखण्यात सोडा असं मी म्हणत नाही. गुडघ्यावर लावायचं जेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, भारतीय बैठकीच्या संडासाऐवजी कमोड, गरज पडेल तेव्हा मापातलं साधं पॅरासिटामॉल, असे बरेच मार्ग डॉक्टरांकडे असतात.

तेव्हा याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, सगळ्या पट्ट्या आणि त्या तापाच्या दोन दिवसांचा हिशेब कागदावर लिहून न्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी करायची का, रक्तदाबाच्या गोळीबरोबर गुडघ्याची ही गोळी चालेल का, आणि त्यांच्या वजनाला पॅरासिटामॉलचा दिवसाचा आकडा किती, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर चिठ्ठीवरच लिहून मागा, म्हणजे पुढच्या तापात तो आकडा फ्रिजवरच्या कागदाच्या डोक्यावर लिहिता येईल.